एक जूनची माणसं

हयात (हो / नाही)

"शलाका, मी मेलो का गं?"

मिसाळकाका आमच्या दारात उभे होते. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा सदरा, आणि चेहरा मात्र खरंच नुकत्याच वारलेल्या माणसासारखा.

"सोलापूरहून साडूचा फोन आला. रडत होता. म्हटलं, अरे, मीच बोलतोय. तर म्हणतो, तुम्ही नका बोलू, वहिनींना द्या."

आईनं त्यांना पाणी दिलं. मी लॅपटॉप उघडला. ज्येष्ठ नागरिक संघाच्या नव्या साइटवर दादाराव मिसाळ हे नाव होतं, आणि नावापुढे एक छोटी समई मंद तेवत होती.

"काका, तुम्ही 'हयात' या चौकटीत टिक केली नव्हती."

"जिवंत असलो तरी करायची?"

"जिवंत असलो तरच करायची. चौकट रिकामी राहिली की साइट 'नाही' असं धरते."

"मग माझ्यासारखे अजून कितीजण?"

"निम्मा संघ."

काकांना एकदम धीर आला. ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले, आईला चहा चालेल म्हणाले. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं,

"पण मेलेल्या माणसाला घंटेचा मान मिळतो का?"

सभासदाचे नाव (मजकूर, आवश्यक)

माझं नाव शलाका देशमाने. तेव्हा मी पुण्याच्या नोकरीतून बाहेर पडले होते आणि दुसरी मिळेपर्यंत बार्शीला आईकडे राहत होते. आईचं काम एकच होतं, मला स्थळं दाखवणं. मधल्या वेळात मुलगी रिकामी दिसू नये म्हणून तिनं मला बोधले सरांच्या ताब्यात दिलं.

बोधले सर निवृत्त मुख्याध्यापक आणि संघाचे अध्यक्ष. त्यांना साइट हवी होती. सभासदांनी स्वतः अर्ज भरावा, साइटनं तो नीट लावून ठेवावा आणि यादी संघाच्या केंद्रातल्या भिंतीवरच्या टीव्हीवर दिसावी, अशी त्यांची कल्पना. 'हयात' हा रकानाही त्यांचाच.

"यादी स्वच्छ पाहिजे," ते म्हणाले होते. "गेलेल्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा जातात. बरं दिसत नाही."

आता घंटेचं सांगते. गावातली एक जुनी शाळा बंद पडली तेव्हा तिची घंटा संघाकडे आली. थाळीएवढी पितळी घंटा आणि लाकडी हातोडी. तेव्हापासून पद्धत पडली, की दर वर्धापनदिनी संघातल्या वयानं सगळ्यांत मोठ्या सभासदानं घंटा वाजवायची आणि मग वर्ष सुरू. हा मान मिळाला की माणूस जाईपर्यंत त्याच्याकडेच. आधीचे मानकरी उन्हाळ्यात गेले होते. वर्धापनदिन डिसेंबरात. खुर्ची रिकामी होती आणि मिसाळकाकांना झोप नव्हती.

कारण ती घंटा त्यांच्याच शाळेची.

"चौथीत होतो," त्यांनी चहा बशीत ओतत सांगितलं. "गुरुजी डुलकी घेत होते. मी गेलो आणि दिली ठोकून. तास बाकी होता, तरी सगळी शाळा घरी. गुरुजी जागे झाले तर समोर एकटा मी, हातात हातोडी. आमच्या बापानं दुसऱ्या दिवशी मला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावलं. पुढं एस.टी.त कंडक्टर झालो, आयुष्यभर घंटी मारली. पण ती वेगळी. ही घंटा मला एकदा हक्कानं वाजवायची आहे. चोरून नाही."

"वाजवाल की," आई म्हणाली.

"मग आधी मला जिवंत कर," काका मला म्हणाले.

केलं.

वय (आकडा)

"वय असा रकाना ठेव," बोधले सर म्हणाले. "सोपं काम. ज्याचा आकडा मोठा, त्याला घंटा."

"सर, वय साठवायचं नसतं. ते दरवर्षी बदलतं. जन्मतारीख साठवायची, वय साइट काढते. नाहीतर आज अठ्ठ्याहत्तर लिहिलेला माणूस पाच वर्षांनीही अठ्ठ्याहत्तरचाच राहील."

"काही जणांना आवडेल," सर म्हणाले.

मला हे घरी रोज दिसत होतं. आईनं माझा बायोडेटा टाइप करून घेतला होता. त्यात लिहिलं होतं, 'वय : २७ वर्षे'. तारीख नाही, साल नाही. हा बायोडेटा दोन वर्षं गावोगावी फिरत होता आणि मी त्यात सत्तावीसचीच होते.

"आई, हे आता चूक आहे."

"लिहिलं तेव्हा बरोबर होतं ना?"

"हो, पण..."

"मग झालं."

त्यातच पुण्याचा एक मुलगा मला आवडला होता आणि तो माझ्याहून लहान होता. हे आईला कळल्यापासून बायोडेटाच्या प्रती वाढल्या होत्या.

जन्मतारीख (मजकूर)

हा रकाना मी आधी मोकळा ठेवला, म्हणजे ज्याला जे आठवेल ते त्यानं लिहावं. सरांचाच आग्रह होता. "म्हातारी माणसं आहेत, अडवू नकोस."

लोकांनी मन मोकळं केलं. 'आषाढात'. 'पेरणी चालू होती'. 'थोरल्या भावाच्या पाठीवर'. 'विचारून सांगतो'. एकानं 'कशाला?' एवढंच लिहिलं.

मग सरांनी केंद्रात सगळ्यांसमोर मला सांगितलं, "हं, आता लाव क्रमानं. साइट सांगेल तो मानकरी. माणसाचा हात मध्ये नको."

मी बटण दाबलं. टीव्हीवर पहिल्या क्रमांकावर तुळसाबाई गव्हाणे आल्या. जन्मतारीख : 'अंदाजे चव्वेचाळीस'.

"तुळसा?" मिसाळकाका उठलेच. "ही माझ्या बहिणीची... मला बहीण नाही, पण असती तर तिच्या धाकटीच्या वर्गात असती!"

"सर, हा मजकूर आहे," मी म्हटलं. "साइटला यात साल दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात. ती बाराखडीनं लावते. 'अं' आधी, 'आ' नंतर. काकांनी 'एक जून चाळीस' लिहिलंय, ते 'ए'मध्ये खाली गेले."

"म्हणजे जो अंदाजे सांगेल तो वयानं मोठा?"

"या रकान्यात तरी तसंच."

तुळसाबाई मात्र उठून घंटेपर्यंत पोचल्या होत्या. त्यांना परत बसवायला बराच वेळ लागला.

जन्मतारीख (तारीख, आवश्यक)

*या रकान्यात फक्त तारीख चालते. 'पेरणी चालू होती' ही तारीख नाही.*

हा निरोप मी स्वतः लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. दिवस, महिना, साल, तीन खाचा. रिकामं सोडता येणार नाही. आधीचं सगळं पुसलं गेलं होतं, त्यामुळे प्रत्येकानं पुन्हा येऊन भरायचं.

आणि दोन तारखा एकच आल्या तर?

"ज्यानं आधी भरली तो वर," मी सांगितलं. "साइटच तसं लावते."

"एस.टी.च्या रांगेसारखं," मिसाळकाका म्हणाले. "योग्य आहे."

दुसऱ्या दिवशी मी केंद्राचं कुलूप काढायला गेले, तर ते पायरीवर बसलेले. सोबत डबा होता. त्यांनी एका बोटानं भरलं : एक, सहा, एकोणीसशे चाळीस. 'हयात'वर टिक केली. मग मला दाखवून पुन्हा खात्री करून घेतली.

संध्याकाळपर्यंत सगळे भरून गेले. यादी उघडली आणि मला वाटलं, साइट बिघडली. एक जून. एक जून. एक जून. मध्येच एखादा डॉक्टर बारा मार्चचा, आणि पुन्हा एक जून. जवळजवळ सगळा संघ एकाच दिवशी जन्मला होता.

मी धावत सरांकडे गेले. "सर, काहीतरी चुकतंय. सगळ्यांना एकच तारीख लागतेय."

सर शांतपणे अडकित्ता चालवत होते. "चुकत नाहीये. बाप मुलाला शाळेत घेऊन यायचा. जन्मतारीख विचारली की म्हणायचा, तुम्हीच घाला गुरुजी. शाळा जूनमध्ये सुरू. एक जून घातली की पोरगं बरोबर पहिलीत बसायचं. आमच्या आधीच्या गुरुजींनी घातल्या, मग आम्ही घातल्या. निम्म्या बार्शीचा जन्म माझ्या हातचा आहे."

"आणि तुमची?"

"माझी पण एक जून," सर म्हणाले. "बाहेर कुठं जायचं?"

रकाना आता बरोबर होता. प्रकार बरोबर होता. आत साठवलेलं सगळं खोटं होतं, पण इतकं नीट, इतकं एकसारखं खोटं, की साइटनं एक अक्षर तक्रार केली नाही.

यादीत सगळ्यांत जुनं साल चाळीस निघालं. चाळीसवाले बरेच होते. त्यांत ज्यानं आधी भरलं तो वर.

१. दादाराव मिसाळ.

काकांनी त्याच दिवशी नवीन धोतर आणलं.

दुरुस्ती (फक्त अ‍ॅडमिन)

दोन दिवसांनी रखमाकाकू आल्या. मिसाळकाकांच्या मंडळी. हातात शेंगाचटणीची बरणी. काकू कमी बोलायच्या आणि बोलायच्या ते दुसरीकडे बघून.

"ती तारीख बदलता येते का गं?"

"कुणाची?"

"माझी. मी पण एक जून घातली बेचाळीसची. शाळेच्या दाखल्यावर तीच आहे." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "खरी तशी नाही."

"खरी माहीत आहे तुम्हाला?" मला खरंच नवल वाटलं. त्या सबंध यादीत खरी तारीख माहीत असलेली ही पहिलीच बाई.

"राखीपुनवेची आहे मी. आणि चारपाच दिवसांत ती मोठी लढाई लागली. आमचे बाबा सगळ्यांना सांगायचे, पोरगी घरात आली आणि जगात भांडण लागलं."

मी पंचांग शोधलं. एकोणीसशे एकोणचाळीस. नारळी पौर्णिमा, एकोणतीस ऑगस्ट. मी मोठ्यानं वाचलं. काकूंनी ती तारीख ओठातल्या ओठात दोनदा म्हणून पाहिली.

"म्हणजे काकू, तुम्ही काकांपेक्षा..."

"हळू बोल."

"पण मोठ्या आहात!"

"लग्न ठरताना मामानं सांगितलं होतं, पोरगी दोन वर्षांनी लहान आहे. मोठी म्हटलं असतं तर ठरलंच नसतं. साठ वर्षं झाली. ह्यांना ठाऊक नाही, सासूला ठाऊक नव्हतं. रांगेत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडं मी लहान." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "बदलली तर वर कोण येतं?"

"तुम्ही."

"मग नको." त्या उठल्या. बरणी तिथंच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत आल्या.

"हे बघ. घंटा ह्यांनाच वाजवू दे. लहान पोरासारखे धोतराला रोज इस्त्री करतात. पण एकदा तरी कुठंतरी माझी खरी तारीख लिहिलेली असावी. मी गेल्यावर सुद्धा दाखल्यावर ती एक जूनच येणार. तुझ्या त्या साइटीत तरी खरी राहू दे."

"पण टीव्हीवर दिसेल, काकू."

"घंटा झाल्यावर घाल. मग बघतंय कोण? सगळे जेवायला पळतात." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "माझा वाढदिवस कधी कुणी केला नाही. करणार कसा, सांगितलाच नाही ना. पण गंमत बघ. ह्यांना बहीण नाही, तरी राखीपुनवेला न चुकता जिलबी आणतात. नोकरीत होते तेव्हा म्हणायचे, डेपोत वाटली. मी आपली मनातल्या मनात वाढदिवसाची समजून खाते."

साइटला एक सोय असते. बदल करून ठेवायचा आणि तो कधी दिसायला लागावा ती वेळ द्यायची. वेळ झाली की आपोआप. वर्धापनदिनी मी आईसोबत पाहुण्यांमध्ये बसणार होते, लॅपटॉप घेऊन उठायला नको म्हणून ही सोय वापरायची ठरवली. कार्यक्रमपत्रिकेत घंटा अकराला होती. मी साडेअकराची वेळ दिली.

बोधले सरांचे 'दोन शब्द' घंटेच्या आधी होते, याकडे माझं लक्ष गेलं नाही.

प्रसिद्धीची वेळ (तारीख आणि वेळ)

"...तर ज्येष्ठत्व म्हणजे काय? याचे पाच पैलू आहेत," सर म्हणाले. सव्वाअकरा झाले होते.

मी आईला विचारलं, "कितव्या पैलूवर आहेत?"

"दुसऱ्या. बस नीट."

मिसाळकाका मंचाच्या पायरीवर कधीचे उभे होते. नवं धोतर, नवी टोपी. मागे टीव्हीवर यादी झळकत होती आणि तिच्या डोक्यावर त्यांचं नाव. रखमाकाकू पुढच्या रांगेत, नेहमीसारख्या दुसरीकडे बघत.

चौथ्या पैलूला मी उठायचा प्रयत्न केला. आईनं पदर दाबून धरावा तशी माझी ओढणी धरली. "पाहुणे बघतायत. त्यातलं एक स्थळ आहे."

"...आणि म्हणून मी संघाचे ज्येष्ठतम सभासद श्री. दादाराव मिसाळ यांना विनंती करतो..."

टाळ्या वाजल्या. काका मंचावर चढले, घंटेला नमस्कार केला, हातोडी उचलली. हात वर गेला.

टीव्ही एकदा लुकलुकला.

१. रखमाबाई दादाराव मिसाळ. २९ ऑगस्ट १९३९.
२. दादाराव मिसाळ. १ जून १९४०.

टाळ्या एकेक करत थांबल्या. मागून कुणीतरी वाचून दाखवलं, कारण त्या रांगेत सगळ्यांचे चष्मे नव्हते. मग एक आवाज आला, "दादाराव! वहिनी मोठ्या हायेत की तुमच्यापेक्षा!" आणि सगळं केंद्र हसायला लागलं.

काका वळले आणि टीव्हीकडे बघत राहिले. हातोडी तशीच वर. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या पायाखालच्या फरशीत जागा शोधत होत्या.

काकांनी हातोडी खाली घेतली.

"एकोणतीस तारीख होती होय?" ते म्हणाले. "मला नुसती राखीपुनव ठाऊक होती."

काकूंनी मान वर केली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"लग्नातच कळलं. तुझ्या मामानं दोन घोट जास्त घेतले आणि माझ्या गळ्यात पडून सगळं सांगितलं."

"मग साठ वर्षं बोलला का नाही?"

"तू एवढ्या कष्टानं लपवत होतीस. मोडायचं कशाला?"

"आणि ती जिलबी?"

"एस.टी.च्या डेपोत जिलबी कोण वाटतंय गं?" काका म्हणाले. "पगार वेळेवर वाटत नव्हते."

आता हसण्याचा आवाज बदलला. तुळसाबाई गव्हाणे उघड उघड डोळे पुसत होत्या. बोधले सर माइक हातात घेऊन काय बोलावं ते शोधत होते, आणि मुख्याध्यापकाला अशा वेळी जे सापडतं तेच त्यांना सापडलं.

"मिसाळ," ते म्हणाले, "तुम्ही याही वेळी वेळेआधीच घंटेला हात घातलात."

काकांनी कान पकडले. खरोखरच, दोन्ही हातांनी, हातोडी काखेत धरून. मग खाली उतरले आणि हातोडी काकूंपुढे धरली.

"चला. मान तुमचा." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोला अहो-जाहो केलं असावं, कारण काकू दचकल्या.

"मला नको. तुम्हीच वाजवा. मला फक्त तारीख हवी होती."

"नियम म्हणजे नियम. रांग मोडायची नाही."

काकू चढल्या. हातोडी दोन्ही हातांनी धरली आणि घंटेवर इतक्या हळू टेकवली, जणू ती झोपलेली आहे. टिंग.

"ऐकू आली नाही!" मागच्या रांगेतून ओरडा.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. सरळ, दुसरीकडे नाही. आणि हातोडी पुढे केली.

"घ्या. मागच्यांना ऐकू गेली नाही म्हणतात."

काकांनी मग जी ठोकली! एक नाही, दोन नाही, शाळा सुटल्यावर वाजते तशी सलग, घणघणघणघण. आणि सगळा एक जूनचा जमाव, साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सवयीनं, त्या आवाजासरशी उठला. पिशव्या उचलल्या, काठ्या शोधल्या, आणि दाराकडे निघाला.

"थांबा!" बोधले सर माइकमध्ये ओरडत होते. "आभार राहिलेत! पाचवा पैलू राहिलाय! मिसाळ, बंद करा ते!"

कुणी थांबलं नाही. मंचावर काका अजून वाजवतच होते आणि काकू कानांवर हात ठेवून हसत होत्या.

शेरा (मजकूर, ऐच्छिक)

परत येताना मी आणि आई चालत निघालो. भगवंत मंदिराच्या वळणापर्यंत गेलो. तिथं ती मिठाईच्या दुकानापाशी थांबली, जिलबी घेतली, पुडा माझ्या हातात दिला.

"ते पुण्याचं पोरगं," ती म्हणाली. "नेमकं कितीनं लहान आहे?"

"सव्वा वर्षानं."

"हं."

आणखी थोडं चाललो. घर आलं. कुलपात किल्ली घालता घालता, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली,

"त्या बायोडेटात जन्मतारीख घाल."

"आणि वय?"

"ते ज्याचं त्यानं काढावं," आई म्हणाली आणि दार उघडलं.